बापाची वसुली

थ्रिलर म्हणून लावलेल्या या सिनेमाच्या पहिल्या दृश्यात पाठलाग नाही, पिस्तूल नाही. एक माणूस दुसऱ्याला आपल्या बापाबद्दल सांगतोय. बाप म्हातारा झाला, बारीकसारीक गोष्टींसाठी मुलाकडे यायला लागला, मग आजारी पडला, आणि बघता बघता मुलगाच बाप होऊन बसला. सांगणाऱ्याचं नाव सामी. ऐकणारा तोम, वय 28, पॅरिसमध्ये जागांचे व्यवहार करणारा. तो फारसं बोलत नाही. थोड्याच वेळात हे दोघं आणि त्यांचा तिसरा भागीदार रात्रीच्या अंधारात एका इमारतीत उंदरांचं पोतं मोकळं करून येतात. राहणाऱ्यांनी वैतागून निघून जावं म्हणून.

जाक ओदियारचा 2005 चा हा सिनेमा. फ्रेंच नाव 'द बात्र मों कर सेतारेते', इंग्रजीत 'द बीट दॅट माय हार्ट स्किप्ड'. पुढच्या वर्षी फ्रान्सच्या सेझार पुरस्कारांत त्यानं सर्वोत्कृष्ट चित्रपटासकट 8 पुरस्कार नेले. आधीच सांगून ठेवतो, या लेखात शेवट येणार आहे. सिनेमा कोरा पाहायचा असेल तर पाहून या, लेख कुठे पळून जात नाही.

तोमचा बाप रोबेर. निएल्स आरेस्त्रुपनं तो असा केलाय की त्याच्याकडे बघून एकाच वेळी कीव येते आणि खिसा चाचपावासा वाटतो. सुटलेला देह, जुना रुबाब, धंद्यात कधीकाळी बऱ्यापैकी चलती असावी. आता लोक त्याला मोजत नाहीत. तो मुलाला कॅफेत बोलावतो, इकडचं तिकडचं बोलतो, आपण नव्यानं लग्न करणार असल्याचं सांगतो, आणि मधेच मूळ मुद्द्यावर येतो. एक रेस्टॉरंटवाला भाडं थकवतोय, जरा जाऊन बघतोस का?

तोम नाही म्हणतो. त्याला यातून बाहेर पडायचंय. रोबेर भांडत नाही, 'तुला लहानाचा मोठा केला' वगैरे सुनावतही नाही. तो फक्त तोंड पाडतो. एवढंच. आणि थोड्या वेळानं तोम त्या रेस्टॉरंटात उभा असतो, आणि मालकाला मारहाण होते.

हा सिनेमा मी चार-पाच वेळा पाहिला असेन. दर वेळी त्या पडलेल्या तोंडापाशी अडकतो. कारण तिथं एक प्रश्न आहे, तो पॅरिसचा आहे तितकाच आपल्या स्वयंपाकघरातलाही आहे. मुलगा बापाचं नेमकं काय देणं लागतो? आणि लागत असेल, तर ते कोणाच्या खिशातून द्यायचं?

'देणं लागतो' हा आपला शब्दप्रयोगही बघण्यासारखा आहे. 'मी त्याचे 500 रुपये देणं लागतो' यात लागणं म्हणजे उधारी. 'मला जावं लागतं' यात लागणं म्हणजे सक्ती. एकच क्रियापद दोन्हीकडे राबतं. फ्रेंचमध्येही तसंच आहे. 'दव्वार' हे क्रियापद 'पैसे देणं असणं' यासाठीही वापरतात आणि 'करायलाच हवं' यासाठीही. फ्रेंच नागरी संहितेच्या 371 व्या कलमात हेच क्रियापद बसलंय: मूल कोणत्याही वयात आईवडिलांचा मान आणि आदर 'देणं लागतं'. कोणत्याही वयात! म्हणजे 28 व्या वर्षीही तोमची सुटका नाही.

मराठीत आणखी एक सोय आहे. आपण कर्ज आणि ऋण वेगळे ठेवतो. कर्ज फेडायचं असतं. ऋणाबद्दल मात्र आपण अभिमानानं सांगतो की ते फिटत नाही. सत्कारसमारंभात वक्ता हमखास म्हणतो, 'यांचे आभार मानण्यापेक्षा यांच्या ऋणात राहणंच मला आवडेल.' बँकेच्या मॅनेजरला हे वाक्य ऐकवून बघा. आईबापांच्या बाबतीत आपण त्याहून पुढे जातो, 'पांग फेडणं' म्हणतो. मुलगी अधिकारी झाली, आईबापाचे पांग फेडले. आणि तीच मुलगी घरच्यांना न विचारता लग्न करून आली की तोच शब्द उलटा येतो, 'छान पांग फेडलेस हो!' फेडण्याचा शब्द एकच, पण हिशेबाची वही समोरच्याकडे असते आणि ती आपल्याला कधी दाखवली जात नाही.

माझ्या पिढीतल्या पुष्कळांच्या एज्युकेशन लोनवर आई किंवा वडील सहकर्जदार असतात. तिथं कोण किती देणं लागतं ते स्वच्छ लिहिलेलं असतं. हप्ते संपले की बँक 'नो ड्यूज'चं पत्र देते. घरी असं पत्र कोणी देत नाही, आणि बरंच आहे म्हणा. मार्गारेट अ‍ॅटवुडनं 'पेबॅक' या 2008 च्या पुस्तकात अर्नेस्ट थॉम्पसन सीटन या निसर्गलेखकाची गोष्ट सांगितलीय. मुलगा 21 वर्षांचा झाला तेव्हा बापानं त्याच्या हातात बिल ठेवलं. जन्माच्या वेळच्या डॉक्टरच्या फीपासून सगळा खर्च त्यात मांडला होता. सीटननं ते भरलं. हे ऐकून आपल्याला हसू येतं आणि अंगावर काटाही येतो. पण मला कधीकधी वाटतं, सीटन सुटला. त्याच्या बापानं निदान आकडा सांगितला.

रोबेर आकडा सांगत नाही. त्याची खरी ताकद तिथं आहे.

आता कोणी म्हणेल, प्रश्न सोपा आहे, मुलं आईबापाचं काहीच देणं लागत नाहीत. हे म्हणणारी एक गंभीर तत्त्वज्ञ होऊन गेली, जेन इंग्लिश. तिचा निबंध 1979 मध्ये छापून आला. तिचा युक्तिवाद थोडक्यात असा: मी तुमच्याकडे उपकार मागितला आणि तुम्ही केलात, तर मी तुमचं देणं लागतो. पण मुलानं जन्म मागितला नव्हता, फीही मागितली नव्हती. आईबापांनी जे केलं ते आपणहून, प्रेमानं केलं. प्रेमानं केलेल्या गोष्टींतून मैत्री तयार होते, उधारी नाही. मित्र एकमेकांसाठी खूप काही करतात, पण मोजून नाही. आणि मैत्री संपली तर त्यातून येणारी कर्तव्यंही संपतात.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा खिडकी उघडल्यासारखं वाटलं होतं. नंतर पुन्हा ओदियारचा सिनेमा पाहिला आणि लक्षात आलं की तोमला हा निबंध वाचून दाखवला असता तरी तो त्या रेस्टॉरंटात गेलाच असता. बाप आपला मित्र नाही हे तो जाणतो. बापाच्या होणाऱ्या बायकोबद्दल तो त्याच्या तोंडावर वाईटसाईट बोलू शकतो. त्याला एकच गोष्ट जमत नाही. बाप लहान झालेला त्याला बघवत नाही. ज्या माणसाच्या आवाजानं कधीकाळी घर गप्प व्हायचं, त्याला एक हॉटेलवाला उडवून लावतो, हे त्याला सहन होत नाही. तो भाडं आणायला गेलेला नसतो. बापाचा गेलेला आकार परत आणायला गेलेला असतो. सामीनं सुरुवातीला सांगितलेली गोष्ट इथं उघडते. सामीचा बाप खरोखरच मूल झाला. रोबेरला मूल व्हायचं नाही, पण मुलाकडून सांभाळून मात्र घ्यायचंय, आणि तेही सांभाळलं जातंय असं न दिसता.

म्हणूनच, उधारीचा हिशेब मांडून ही गाठ सुटत नाही. निष्ठा हे कर्जाचं मोठं रूप नाही, ती वेगळीच चीज आहे. कर्जात मला काय मिळालं होतं हे विचारता येतं. निष्ठेत तो प्रश्नच पडत नाही, फक्त चेहरा दिसतो. आणि निष्ठेला मी वाईट म्हणणार नाही. जो माणूस स्वतःच्या बापाच्या पडलेल्या तोंडाकडे बघून मख्ख राहू शकतो त्याच्याशी मी जपूनच वागेन.

अडचण वेगळी आहे. त्या रेस्टॉरंटवाल्याचं काय?

त्यानं भाडं थकवलं हे खरं. पण त्याला जे भोगावं लागलं ते भाड्यामुळे नाही. बाप-लेकाच्या जुन्या हिशेबातला एक हप्ता त्याच्या अंगावर वसूल झाला. उंदीर सोडलेल्या इमारतीतल्या लोकांचंही तेच. कुटुंबनिष्ठेवरच्या सिनेमांत आपण नेहमी घरातल्या माणसांचे चेहरे बघतो. बाप काय म्हणेल, भावाला काय वाटेल. कॅमेरा त्यांच्याबरोबर असतो, म्हणून आपणही त्यांच्याबरोबर असतो. बिल मात्र नेहमी शेजारच्या टेबलावर जातं, ज्यानं काही मागवलेलंच नसतं त्याच्याकडे. ओदियार त्या माणसाला दृश्यातून लवकर घालवतो, पण पुसत नाही. तोम तिथून बाहेर पडतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर विजय नसतो, तिथं मला तो माणूस अजून दिसत राहतो.

मी एकदा त्या माणसाच्या जागी उभा होतो, अगदीच किरकोळ प्रकारे. पुण्यात आम्ही तिघं एका फ्लॅटमध्ये भाड्यानं राहत होतो. घरमालक काका गोड बोलायचे, दिवाळीला चकल्या द्यायचे. जागा सोडताना डिपॉझिट परत द्यायची वेळ आली, आणि त्यांनी मुलाला वर पाठवलं. मुलगा आमच्याहून चार-पाच वर्षांनीच मोठा. जिन्यात भेटायचा तेव्हा क्रिकेटवर बोलायचा. त्या दिवशी दारात उभा राहून त्यानं भिंतीवरचे खिळे मोजले, नळाची तोटी, रंग, सगळं लावलं, आवाज चढवला, आणि डिपॉझिटमधले निम्म्याहून जास्त पैसे कापून घेतले. मधेच तो गॅलरीत गेला आणि खाली बघून आला. खाली काका स्कूटरवर बसून होते, एक पाय जमिनीवर टेकवून. परत आल्यावर त्याचा आवाज आणखी चढला होता. त्याला आमचे पैसे नको होते याची मला आजही खात्री आहे. त्याला खाली जाऊन 'झालं काम' म्हणायचं होतं. पैसे मात्र आमचे गेले.

तो मुलगा वाईट होता का? त्याच्या घरी तो चांगला मुलगा आहे. आणि माझा प्रश्न नेमका तोच आहे.

आपल्याकडच्या जुन्या शास्त्रकारांना ही भानगड ठाऊक होती असं दिसतं. 'तैत्तिरीय संहिते'त ब्राह्मण तीन ऋणं घेऊन जन्मतो असं म्हटलंय, ऋषींचं, देवांचं आणि पितरांचं. पितरांचं ऋण कशानं फिटतं? बापाच्या हातात काही ठेवून नाही, तर अपत्यानं. म्हणजे देणं मागे द्यायचं नसतं, पुढे द्यायचं असतं. पांग फेडण्याच्या आपल्या कल्पनेपेक्षा हे बरंच मोकळं आहे. बापाच्या खऱ्याखुऱ्या कर्जाबद्दल मात्र धर्मशास्त्र कडक होतं. ते मुलानं फेडावं, पण त्याला अपवाद होते. दारू, जुगार, बाईबाजी यांपायी केलेलं कर्ज मुलावर येत नाही. पुढे इंग्रजी अमदानीतल्या कोर्टांनी हाच धागा धरून हिंदू कायद्यात मुलाचं 'पवित्र दायित्व' आणि त्यातून वगळलेली 'अव्यावहारिक' कर्जं अशी रचना उभी केली. गंमत म्हणजे ते पवित्र दायित्व आपल्या संसदेनं काढून टाकलं तेही 2005 मध्येच. हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती झाली, आणि 9 सप्टेंबर 2005 पासून पुढच्या कर्जासाठी, तू त्याचा मुलगा आहेस एवढ्याच कारणावरून सावकाराला कोर्टात मुलाच्या मागे लागता येत नाही. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क मिळाला म्हणून ही दुरुस्ती आपल्याला माहीत असते. त्याच कलमात मुलगे बापाच्या कर्जातून सुटले, ते सहसा कोणी सांगत नाही.

फ्रान्समध्ये 205 वं कलम मुलांना सांगतं की गरजू आईवडिलांच्या पोटापाण्याची सोय करा. पण 207 व्या कलमात एक दार ठेवलंय. ज्या आईबापांनी स्वतःची कर्तव्यं गंभीरपणे चुकवली असतील, त्यांच्या बाबतीत न्यायाधीश मुलाला या जबाबदारीतून मोकळं करू शकतो. मला हे आवडतं. कायद्यासारखी रुक्ष गोष्टसुद्धा इथं मान्य करते की बाप असणं ही एक कमवायची गोष्ट आहे, आणि ती गमावताही येते. पण बघा, हे सगळे अपवाद बापाच्या वागण्याबद्दल आहेत. बापासाठी मुलगा तिसऱ्याशी कसा वागतो, ते नातेसंबंधांच्या कायद्यात बसतच नाही. तिथून पुढे पोलिसांचं काम सुरू होतं.

सिनेमात आणखी एक देणं आहे, ज्याची वसुली करायला कोणीच येत नाही. तोमची आई पियानोवादक होती. ती वारली. तोमही लहानपणी वाजवायचा, मग सुटलं. एके दिवशी आईच्या मैफली ठरवणारा जुना माणूस त्याला अचानक भेटतो, अजून वाजवतोस का विचारतो, ऑडिशनला ये म्हणतो. तोम घरी जाऊन पियानो उघडतो. इथून सिनेमा दोन हातांचा होतो. त्याच हातांनी दिवसा लोकांना घराबाहेर काढायचं आणि त्याच हातांनी बाखची ई मायनर तोकाता बसवायची.

आई मेलेली असल्यामुळे तिचं तोंड पडू शकत नाही. ती कॅफेत बोलावत नाही. तिचं देणं तोमला स्वतःच आठवावं लागतं, रोज, बोटं दुखेपर्यंत. आणि म्हणूनच ते हरतं. जो मोठ्यानं मागतो त्याचं आधी दिलं जातं, हा घराघरातला नियम आहे. ज्या भावाचा धंदा बुडाला त्याला पैसे जातात, जी बहीण काही मागत नाही तिच्यासाठी उरत नाहीत. ऑडिशनच्या आदल्या रात्री भागीदार तोमला धंद्याच्या कामासाठी ओढून नेतात. सकाळी तो पियानोपुढे बसतो, सुरुवात करतो, थांबतो, पुन्हा सुरुवात करतो. जमत नाही. उठून निघून जातो. तो प्रसंग बघताना मी दर वेळी मोबाइल हातात घेतो, काही नोटिफिकेशन आलं असेल तर बरं म्हणून.

मधल्या काळात तो एका शिक्षिकेकडे जात असतो. मियाओ लिन, नुकतीच पॅरिसला आलेली, तिला फ्रेंच येत नाही. लिन दान फामनं हे काम केलंय. दोघांना एकमेकांची भाषा कळत नाही, ती पियानोकडे बोट दाखवते, पुन्हा वाजव म्हणून खूण करते, चहा करते. तो तिला पैसे देतो. मला वाटतं, सगळ्या सिनेमात सरळ व्यवहार असलेलं हे एकच नातं आहे. तास झाला, पैसे दिले, कोणी कोणाचं काही लागत नाही. एरवी आपण पैशानं नाती बिघडतात असं म्हणतो. इथं पैशामुळेच तोमला एक खोली मिळते जिथं तो कोणाचा मुलगा नाही. (जाता जाता: तोमचं काम करणाऱ्या रोमाँ द्युरिसला पियानो शिकवला तो त्याच्या सख्ख्या बहिणीनं, कॅरोलीन द्युरिसनं. सिनेमात ऐकू येणारं त्याचं वादनही तिचंच. निदान पडद्यामागे तरी घरचं माणूस बरोबर कामाला आलं.)

रेस्टॉरंटवाल्यानंतर रोबेरची पुढची वसुली निघते ती मिन्स्कॉव नावाच्या रशियन माणसाकडे. हा भाडं थकवणारा छोटा दुकानदार नव्हे. तोम चौकशी करून येतो आणि बापाला सांगतो, सोडून दे, हा माणूस धोक्याचा आहे. इथं पहिल्यांदाच मुलगा खऱ्या अर्थानं बापाची काळजी घेतोय. आणि बापाला तीच नकोय. त्याला पैसे परत हवेत, त्याहून जास्त म्हणजे आपण गंडवले गेलो हे पुसून टाकायचंय. ऑडिशन फसल्यावर तोम बापाच्या घरी जातो तेव्हा बाप मरून पडलेला असतो.

आता खरं देणं सुरू होतं, असं आपल्याला सिनेमांनी शिकवलंय. बापाचा खून, मुलाचा सूड. या सिनेमाचा मूळ अमेरिकन अवतार, जेम्स टोबॅकचा 1978 चा 'फिंगर्स', तसाच संपतो. हार्वी कायटेलचा जिमी बापाच्या मारेकऱ्याला ठार करतो, आणि शेवटी आपल्या घरात उघडानागडा, उद्ध्वस्त उरतो. त्या सिनेमात बाप व्याजानं पैसे देणारा, आणि मुलगा त्याचा वसुली माणूस. म्हणजे तिथं वसुली हा खानदानी धंदाच होता. ओदियार आणि त्याचा सहलेखक तोनिनो बेनाकिस्ता यांनी सावकाराची दुकानदारी काढून टाकली आणि तिच्या जागी बापाचं म्हातारपण ठेवलं. फरक लहान वाटतो, पण सगळं त्यानं बदलतं. सावकार बापाला मुलगा राजीनामा देऊ शकतो. म्हाताऱ्या बापाला कुठला राजीनामा देणार?

जाक ओदियार स्वतः मिशेल ओदियारचा मुलगा. फ्रेंच सिनेमात संवाद लिहावेत ते मिशेलनं, असं एका जमान्यात मानलं जायचं. तो 1985 मध्ये वारला, आणि जाकनं स्वतः दिग्दर्शित केलेला पहिला सिनेमा 1994 मध्ये आला. बापाच्या धंद्यात शिरलेल्या मुलाची गोष्ट त्यानं का निवडली याचा तर्क करणं सोपं आहे, म्हणून मी करत नाही. एवढंच म्हणतो की सूडाचा शेवट बदलावासा वाटला तो एका मुलाला.

दोन वर्षं पुढे. तोम आता मियाओ लिनचं व्यवस्थापन बघतो. तिची मैफल आहे, तो तिला सभागृहापाशी सोडतो. आणि तिथंच त्याला मिन्स्कॉव दिसतो. तो त्याच्या मागे जातो, जिन्यात गाठतो, आणि मग जी मारामारी होते ती सिनेमातली असूनही सिनेमासारखी नाही, धापा टाकत, केविलवाणी, कपडे ओढत केलेली. पिस्तूल तोमच्या हातात येतं. तो ते मिन्स्कॉववर रोखतो. आणि झाडत नाही.

का झाडत नाही, यावर मित्रांशी मी वाद घातलाय. एकाचं म्हणणं, संगीतानं त्याला माणूस केलं. हे मला पटत नाही. संगीतानं माणूस झाला असता तर जिन्यापर्यंत गेलाच नसता. दुसऱ्याचं म्हणणं, त्यानं माफ केलं. त्याचा चेहरा बघा, तिथं माफी कुठेही नाही. मला जे दिसतं ते यापेक्षा साधं आहे. आजवर प्रत्येक वसुलीनंतर तो कोणाकडे तरी परत गेला. पैसे ठेवले, किंवा नुसतं 'झालं' म्हणून सांगितलं. बापाचा चेहरा घटकाभर उजळला. या वेळी गोळी झाडून तो कोणाकडे जाणार? खाली स्कूटरवर कोणी बसलेलं नाही. कॅफेतली ती खुर्ची रिकामी आहे. बाप असेपर्यंत निष्ठा ही दोन माणसांमधली गोष्ट होती, म्हणून ती तिसऱ्याला मारू शकली. आता उरलेत फक्त दोघं, तो आणि जिन्यात पडलेला एक घाबरलेला माणूस. कदाचित पहिल्यांदाच त्याला समोरचा तिसरा माणूस दिसतो. मिन्स्कॉव खुनी आहे, कीव करावी असा नाही. तरी दिसतो.

यावर एक आक्षेप मला नीट खोडता येत नाही. मग रोबेरच्या खुनाचं काय? त्याला न्याय कोणी द्यायचा? तोमनं निष्ठा सोडली आणि खुनी मोकळा राहिला, यात नैतिक मोठेपणा कसला? त्या रात्री जिन्यातून उठून मिन्स्कॉव घरी जाईल, आणि उद्या आणखी कोणाला तरी गंडवेल. शेवटचं बिल पुन्हा तिसऱ्याकडेच गेलं, असंही कोणी म्हणू शकेल. माझ्यापाशी एवढंच आहे की मुलगा न्यायाधीश म्हणून फार वाईट असतो. तो खुनाची शिक्षा देत नाही, बापाचं राहिलेलं काम पुरं करतो. आणि रोबेरचं राहिलेलं काम पुरं करण्यासारखं नव्हतंच.

तोम हात धुतो आणि सभागृहात येतो. मैफल चालू आहे. तो आपल्या जागेवर बसतो. हातांवर रक्ताच्या खुणा आहेत, त्वचा सोलवटलीय, आणि तीच बोटं सुरांबरोबर हलायला लागतात, जणू समोर पियानो आहे. मियाओ लिन वाजवतेय. मैफल संपल्यावर ती विचारणारच, हाताला काय झालं म्हणून, आणि आता दोघांना कळेल अशी भाषा त्यांच्याकडे आहे. सिनेमा त्याआधी संपतो.